इंजिन गेलं म्हणून सांग

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला खुशीत भेटायला कुणी येत नाही. गाडी नीट चालत असली की लोक तिच्यावर बसून भटकतात, आणि बिघडली की काउंटरपाशी येऊन उभे राहतात. तेही अशा नजरेने, की जणू इंजिनातला तो खडखडाट यानेच काल संध्याकाळी आत घालून पाठवला असावा. सुपरवायझरने हे इतकी वर्षं सोसलं होतं, की समोरच्याने हेल्मेट काढायच्या आधीच त्याला तक्रार कळायची. तरी तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. मान हलवायचा. "बघून घेतो" म्हणायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याला वाटायला लागलं होतं, की आपण जन्मभर हे एकच वाक्य बोलत आलो. घरी बायकोने नळ गळतोय म्हणून सांगितलं तरी तोंडातून तेच निघायचं, आणि मग ती विचारायची, "बघून झालं असेल तर दुरुस्त कधी करताय?"

दोस्तमंडळींत त्याचं नाव होतं न्यूट्रल. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाशेजारच्या कँटीनमध्ये मोटरसायकलवाल्यांचा एक कंपू जमायचा. म्हणायला ते घाटापर्यंत फेरी मारायला निघालेले असत, पण खरा कार्यक्रम भांडणाचा. कुणाची गाडी भरवशाची, कुणाची रस्त्यात दगा देणारी, कुणी चेनला तेल घालतो आणि कुणी नुसतं तोंडाने घालतो, यावर चहाचे कप गार होईस्तोवर वाद चालायचा. सुपरवायझरला दर वेळी मधे ओढत, कारण रोज गाड्यांच्या पोटात डोकं घालणारा तोच एकटा. पण त्याने कधी कुणाची बाजू घेतली नाही. "दोन्ही बऱ्या आहेत. ऑइल वेळेवर बदला म्हणजे झालं," एवढं बोलून तो बिस्किट बुडवायला लागायचा. तेव्हा कंपूतला विमा एजंट एकदा म्हणाला, की या माणसाचा गिअरच पडत नाही, हा कायम न्यूट्रल. त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

लोकांना वाटायचं तो फार समतोल बुद्धीचा आहे. खरं म्हणजे त्याला कंटाळा होता. आठवडाभर पगार घेऊन जे ऐकायचं तेच रविवारी फुकट ऐकत होता, त्यात आणखी मत कुठून आणायचं? घरी थांबावं तर माळा आवरायला लागला असता, म्हणून तो जायचा. दुसरं कारण म्हणजे बेकरीवाला.

बेकरीवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावरचा. त्याच्याकडे काळी, जाडजूड, जुन्या वळणाची एक मोटरसायकल होती. मंडळी तिला म्हैस म्हणायची. बेकरीवाल्याला त्याचा राग यायचा नाही, उलट तो म्हणायचा, "म्हैस दूध तरी देते. तुमची हरणं काय देतात?" त्याचं म्हणणं असं, की गाडीत जितकं कमी सामान तितकं बिघडायला कमी. त्याच्या गाडीत एकही सेन्सर नव्हता, एकही बारीकसा दिवा लुकलुकत नव्हता. पाना, पक्कड आणि तारेचा तुकडा खिशात असला की तो जगाच्या टोकाला जाऊन परत येईल, असं तो सांगायचा, आणि दोन-चारदा खरोखरच लांब लांब जाऊन आला होता.

विमा एजंटाचं सगळंच उलटं. त्याची गाडी नवी, तरतरीत, आवाज जवळजवळ नाहीच. बेकरीवाल्याने तिचं नाव ठेवलं होतं शिलाई मशीन. तिच्यावर बसलं की मांडीवर कापड घ्यावंसं वाटतं, म्हणायचा. हे सुपरवायझरने एकदा घरी सांगितलं. त्याची बायको शाळांचे गणवेश शिवून द्यायची, बाहेरच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चालायचं. ती मान वर न करता म्हणाली, "शिलाई मशीनला नावं ठेवू नका म्हणावं. या घरात वेळच्या वेळी चालणारं तेवढं एकच आहे."

एजंटाचा मुद्दा साधा होता: गाडी चालवायला घेतलीय, दुरुस्त करायला नाही. रविवारची सकाळ जर हात काळे करण्यातच जात असेल तर तिला भरवशाची गाडी म्हणायचं का पाळलेलं जनावर? बेकरीवाला त्यावर म्हणायचा, की ज्याचा पाना गाडीला लागत नाही त्याला गाडीचं काही लागत नाही. कंपूत शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या आपली हलकी गाडी सुरू ठेवून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "तुमचं झालं असेल तर निघायचं का? ऊन चढतंय."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि कुणाला त्याचा निकाल लागायला नको होता.

मग बेकरीवाला एका सकाळी सर्व्हिस सेंटरला आला. रविवारी भेटणारा माणूस कामाच्या दिवशी काउंटरसमोर उभा बघून सुपरवायझरला जरा चमत्कारिक वाटलं, कारण बेकरीवाला स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. पण त्याने हेल्मेट काढून ठेवलं आणि म्हणाला, क्लच जड झालाय, बघ जरा. सुपरवायझरने बघितलं. केबल जुनी होती. तेल सोडून, साफ करून गाडी परत दिली.

थोड्या दिवसांनी तो पुन्हा आला. क्लच तसाच. या वेळी नवी केबल घातली, लिव्हर बदलली. लिव्हर बोटाने दाबून बघताना सुपरवायझरला ती लोण्यासारखी वाटली, पण गिऱ्हाईक म्हणतंय तर म्हणतंय, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

त्या पाठोपाठच्या रविवारी कंपूच्याही लक्षात आलं. पंपासमोरच्या सिग्नलला म्हैस आचका देऊन बंद पडली. बेकरीवाल्याने किक मारली, सुरू झाली, पुन्हा बंद. मागचे हॉर्न वाजवायला लागले. घाटात गिअर बदलताना असा कर्र आवाज यायला लागला, की पुढे गेलेल्या बाईंनी वळून बघितलं. एजंटाला तर आयतंच मिळालं. कँटीनमध्ये त्याने विचारलं, काय झालं, म्हैस आटली का? बेकरीवाला म्हणाला, न्यूट्रल सापडत नाही. तेव्हा एजंट सुपरवायझरकडे बोट दाखवून म्हणाला, हा काय इथे बसलाय, बिस्किट खातोय. सगळे हसले. बेकरीवालाही हसला, पण चहा त्याने उजव्या हाताने घेतला, उजव्यानेच ठेवला, आणि डावा हात जॅकिटच्या खिशातून काढलाच नाही. हे सुपरवायझरने पाहिलं; पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लागायला त्याला वेळ लागला. त्या सकाळी त्याची मान दुखत होती, आणि माळा अजून तसाच होता.

गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने स्वतः क्लच खोलला. कारागिरांना सांगितलं, याला कुणी हात लावू नका. प्लेटा बाहेर काढून, पुसून, उजेडात धरून बघितल्या. स्प्रिंगा मोजून बघितल्या. सगळं बरोबर होतं. इतक्या जुन्या गाडीत इतकं बरोबर असणं हीच काय ती तक्रार करण्यासारखी गोष्ट. पुन्हा जोडून तो गाडी घेऊन बाजारातून, सिग्नलमधून, चढावरून फिरून आला. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. बेकरीवाला बाकावर बसून वाट बघत होता. सुपरवायझर म्हणाला, गाडीत काही नाही.

बेकरीवाला उठला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडला. इतकी वर्षं मी ही गाडी चालवतो, मला कळत नाही का, तुमच्या पोरांना जुन्या गाडीचं काम येतच नाही, असं बरंच काही. सुपरवायझरला ओरडून घेण्याची सवय होती, त्याने मान हलवली. तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "गाडीत नाही, मग काय माझ्यात आहे?"

बाकावरचं एक गिऱ्हाईक मोबाइलमधून डोकं काढून दोघांकडे बघायला लागलं. मग बेकरीवाल्याने हेल्मेट उचललं. पट्टा लावायला त्याला एरवीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि शेवटी न लावताच तो गेला.

संध्याकाळी सुपरवायझर बेकरीत गेला. खरं म्हणजे पाय घराकडे वळत होते. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. पण तो गेला. पुढे दुकानात वहिनी, बेकरीवाल्याची बायको, गल्ल्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आत आहेत. बघा तुमच्याशी तरी बोलतात का."

आत भट्टीची खोली. टेबलांवर पीठ, भिंतीला लावलेले पत्र्याचे ट्रे, छताला टांगलेला एक पंखा, जो उष्ण हवा नुसती इकडून तिकडे ढकलत होता. बेकरीवाला भट्टीतून ट्रे काढत होता. एक बाजू उजव्या हातात, आणि दुसरी बाजू डाव्या पंज्यावर नाही, तर डाव्या मनगटावर तोललेली. मनगटाला जाड फडकं गुंडाळलेलं. बोटं बाजूला सैल लोंबत होती. ट्रे टेबलावर टेकवून त्याने वळून बघितलं, तर दारात सुपरवायझर.

बेकरीवाल्याने स्टुलाकडे मान केली, तसा तो बसला. मग बेकरीवाल्याने डावा हात पिठाच्या टेबलावर उताणा ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला उंचवटा, जो इतकी वर्षं पीठ मळून दगडासारखा झाला होता, तिथे खळगा पडला होता.

"कधीपासून?" सुपरवायझरने विचारलं.

बेकरीवाला म्हणाला, बरेच महिने झाले. आधी हातातून वस्तू पडायच्या, तेव्हा वाटलं वय झालं. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरला दाखवलं. मानेतली नस दाबली गेलीय. ऑपरेशन करायचं ठरतंय, पण त्याने आहे ते तेवढं टिकेल, गेलेलं परत येईल असं डॉक्टर म्हणत नाही. पीठ मळायला मशीन आहे, बेकरी थांबणार नाही. बायकोला सांगितलंय. बाकी कुणाला नाही.

"मग माझ्याकडे तीन-तीनदा क्लच कशाला आणलास?"

"वाटलं, एखाद वेळेस क्लचच असेल."

हे तो अगदी साधेपणाने बोलला. अशा लबाड्या त्याने रोज बघितल्या होत्या. गाडी आपटून आणणारा म्हणतो उभी होती तेव्हाच वाकली. ऑइल न घालणारा म्हणतो कंपनीचाच माल खराब. पण गाडीवर आळ घालून आपल्या हाताला वाचवायला निघालेला माणूस त्याने पहिल्यांदा पाहिला, आणि तोही असा, की ज्याने तीस वर्षं त्या गाडीविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नव्हता.

बेकरीवाल्याने दुसरा ट्रे काढला. काढताना सुपरवायझर पुढे झाला, तर त्याने कोपराने बाजूला सारलं. मग पाठमोराच म्हणाला, की रविवारी मी येणार नाही, गाडी तुझ्या शेडमध्ये नेऊन ठेव. तू मंडळींना सांग. इंजिन गेलं म्हणून सांग.

"इंजिन ठणठणीत आहे."

"मला माहितीये. म्हणून तर तुला सांगतोय. मी बोललो तर शंभर प्रश्न विचारतील, तो एजंट तर येऊन इंजिन उघडून बघेल. तू कधी कुणाची बाजू घेतली नाहीस. तुझं कुणी खोडणार नाही."

सुपरवायझर म्हणाला, हाताचं सांगितलं तर काय बिघडतं, सगळे दोस्तच आहेत. बेकरीवाला म्हणाला, गाडी गेली तर लोक हसतात. हात गेला म्हटलं की गप्प होतात. मला त्यांचं हसणं चालेल.

घरी येऊन तो जेवताना बायकोला सगळं बोलला. ती म्हणाली, "खोटं बोलता येतं का तुम्हाला?" तो म्हणाला, रोज तर बोलतो, संध्याकाळपर्यंत गाडी तयार होईल म्हणून. तिला हसू आलं, त्याला नाही आलं. ताटातलं संपवून तो तसाच बसून राहिला. इतकी वर्षं आपण नुसते कंटाळून गप्प बसत आलो, आणि त्या गप्प बसण्याची लोकांनी पत धरली, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ती पत पहिल्यांदा वापरायची वेळ आली, तर ती अशी.

रविवारी कँटीनमध्ये त्याने सांगितलं. म्हशीचं इंजिन गेलं. पिस्टन घासला, आतलं सगळं खराब झालं, आता करून उपयोग नाही. एवढं बोलून तो चहाकडे बघायला लागला. अपेक्षेप्रमाणे कुणी खोडलं नाही. न्यूट्रल म्हणतोय म्हणजे गेलंच. एजंटाने टेबलावर थाप मारली. इतकी वर्षं मी काय सांगत होतो, म्हणाला, आणि सगळ्यांना चहा सांगितला. त्या जुन्या गाड्यांचा भरवसा म्हणजे काय असतो ते आता कळलं ना, वगैरे बोलत तो घाटाच्या पायथ्यापर्यंत खुशीत होता. बाईंनी एवढंच विचारलं, की बेकरीवाले स्वतः का नाही आले? सुपरवायझर म्हणाला, मनाला लावून घेतलंय. हे खोटं नव्हतं, म्हणून ते बोलताना त्याला बरं वाटलं.

एजंटाची खुशी फार टिकली नाही. पुढच्या रविवारी तो चहा घेऊन बसला आणि त्याला बोलायला विषय सापडेना. मायलेजचा मुद्दा काढला, तर सगळे हो म्हणाले. चेनचा काढला, तरी हो. वाद घालणाराच नाही, तर शिलाई मशीनच्या गुणांचं करायचं काय? त्या दिवशी मंडळी घाटापर्यंत न जाता अर्ध्यातून परतली. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, तरी चौघेच आले.

मग एके दुपारी एजंट सर्व्हिस सेंटरला आला. स्वतःची गाडी दाखवायला नव्हे. तिला काही झालंच नव्हतं. म्हणाला, म्हैस इथेच आहे ना? मला बघायचीय. सुपरवायझर म्हणाला, त्यात काय बघायचं. पण एवढ्यात एक गिऱ्हाईक स्कूटरच्या आरशाची तक्रार घेऊन आलं, आणि तो त्याच्याशी बोलेपर्यंत एजंट मागच्या शेडमध्ये पोचलाही.

म्हैस कोपऱ्यात झाकून ठेवली होती. सुपरवायझर मागून आला तेव्हा एजंटाने वरचं कव्हर काढलं होतं. इंजिन उघडलेलं नव्हतं. एक नटसुद्धा हललेला नव्हता. एजंट गाडीवर बसला, पेट्रोलचा कॉक फिरवला आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. धड-धड-धड, जुन्या गाडीचा तो संथ आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमायला लागला. पलीकडे काम करणारे दोघे कारागीर थांबून बघायला लागले.

एजंटाने क्लच दाबला, सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. बराच वेळ तो गाडीचा आवाज ऐकत बसला. मग त्याने गाडी बंद केली, उतरला, आणि कव्हर होतं तसं नीट घातलं, चारही कोपरे ओढून.

"त्याला काय झालंय?" त्याने विचारलं.

"ते त्याला विचार."

"विचारलं तर सांगेल?"

सुपरवायझरने मान हलवली. नाही.

विम्याच्या धंद्यात एजंटाने माणसांची दुखणी कागदावर पुष्कळ पाहिली असतील. त्याने आणखी काही विचारलं नाही. आपलं हेल्मेट घेऊन निघून गेला.

रविवारी कँटीनमध्ये बाईंनी पुन्हा म्हशीचा विषय काढला. एक जुना कारागीर आहे, म्हणाल्या, तो असली इंजिनं करून देतो, एकदा दाखवून बघू. सुपरवायझर काय बोलावं याचा विचार करत होता, तेवढ्यात एजंट म्हणाला, काही उपयोग नाही, मी स्वतः जाऊन बघून आलो. सिलिंडरला आतून एवढे चरे पडलेत. ब्लॉकलाच तडा गेलाय. त्याने बोटाने हवेत तडा कसा गेलाय तेही काढून दाखवलं. वर म्हणाला, मी आधीपासून सांगत होतो. पण या वेळी त्याने टेबलावर थाप मारली नाही. सुपरवायझर त्याच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं एजंट ज्या निकालासाठी भांडला तो पदरात पडला होता, आणि तो खोटा आहे हे माहीत असून बिचारा जपत बसला होता.

बेकरीवाल्याचं ऑपरेशन झालं. मानेला पट्टा बांधून तो बरेच दिवस गल्ल्यावर बसून राहिला. सुपरवायझर कामावरून जाताना डोकावायचा. वहिनी बाजूला घेऊन सांगायच्या, की भाऊजी, डॉक्टरांनी सांगितलंय, जड गाडी नाही म्हणजे नाही, तुम्ही त्यांच्या नादाला लागू नका. तो म्हणायचा, नाही लागत. कुणाच्याच नादाला लागायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. सर्व्हिस सेंटरचा मालक आता म्हशीने अडवलेल्या जागेबद्दल बोलायला लागला होता, आणि आठवड्यातून एकदा ती सुरू करून बॅटरी जागी ठेवायचं काम आपोआप त्याच्याच अंगावर पडलं होतं.

आणि मग एका रविवारी बेकरीवाला पंपावर आला, तो वहिनींच्या बिनगिअरच्या स्कूटरवर. डॉक्टरने गावात, हळू, एवढीच मोकळीक दिली होती. सुपरवायझरने ब्रेक असा जोडून दिला होता, की उजव्या हाताने दाबला तरी दोन्ही चाकांना लागावा. असल्या स्कूटरला बेकरीवाला जन्मभर खेळणं म्हणत आला होता. आता त्याने ती म्हशीसारखीच ऐटीत लावली, खुर्ची ओढली आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, की इतकी वर्षं आपण सगळे मूर्ख होतो. क्लच नाही, चेन नाही, गिअर नाही. बिघडायला आहेच काय? जगात भरवशाचं वाहन एकच.

कुणी काही बोललं नाही. एजंटाने कप खाली ठेवला.

"हिचं चाक फिरवणारा पट्टा तुटला की काय करशील?" एजंट म्हणाला. "तारेने बांधशील? चालत घरी जाशील चालत."

"तुटणार नाही."

"सगळे पट्टे तुटतात. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याचा तुटला..."

आणि जे सुरू झालं ते ऊन डोक्यावर येईस्तोवर संपलं नाही. बाई गाडी सुरू ठेवून उभ्या होत्या, शेवटी त्यांनीच बंद केली. घाट राहिलाच. एजंट एका क्षणासाठीही बेकरीवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत नव्हता, आणि इतक्या ठरवून बघत नव्हता, की सुपरवायझरला ते स्पष्ट दिसत होतं. बेकरीवाल्यालाही दिसलं असणार. पण तो पट्ट्यावरच भांडत राहिला. मधेच दोघांनी सुपरवायझरकडे वळून निकाल मागितला, तर तो म्हणाला, "दोन्ही बऱ्या आहेत," आणि त्याला वाटलं, आपण आता कायमचेच दमलो आहोत.

त्यानंतर बेकरीवाला येत राहिला, पण दर रविवारी नाही. मान दुखायची, लवकर उठून जायचा. कंपू पूर्वीसारखा भरला नाही.

म्हैस विकायची ठरली तेव्हा खरी पंचाईत झाली. गावात कुणी घेईना. जो तो म्हणायचा, तिचं इंजिन गेलंय, सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरनेच सांगितलंय. आपल्या शब्दाला एवढं वजन असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ते आता त्याच्याच छातीवर येऊन बसलं. शेवटी लांबच्या गावचा एक जण तयार झाला. जुन्या गाड्यांचा शौकीन, फोनवरच प्रश्नांची फैर झाडणारा. ऑइल कोणतं घालता, शेवटचा क्लच कधी केला, रस्त्यात कधी बंद पडली का. सुपरवायझरने सगळ्याची खरी उत्तरं दिली. मग इतकी चांगली गाडी विकताय का, त्याने विचारलं. "मालकाकडून आता वापर होत नाही," सुपरवायझर म्हणाला.

गाडी अर्ध्या वाटेवरच्या गावापर्यंत नेऊन द्यायची असं ठरलं. निघण्याआधी तो बेकरीपाशी थांबला. वहिनींनी जास्तीची किल्ली आणून दिली. "आत आहेत," त्या म्हणाल्या, "झोपलेत." भट्टीच्या खोलीतून ट्रे आपटल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला. मग वहिनींनी बिस्किटांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि आत गेल्या.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा त्याने ती मुद्दाम सावकाश चालवली. सगळी वळणं, सगळे चढ गाडीने एका चालीने घेतले. शौकीन माणूस नाक्यावर वाट बघत होता. त्याने गाडीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, कान लावून ऐकलं, आणि मग सुपरवायझरशी बोलायला लागला, की नव्या गाड्यांपेक्षा या कशा बऱ्या, त्याच्याकडे आणखी कोणकोणत्या आहेत, त्यांपैकी कुठल्या जास्त भरवशाच्या. सुपरवायझर ऐकत राहिला. मान हलवत राहिला. तो माणूस किक मारून गेला तेव्हा त्याने धुराकडे फार वेळ बघितलं नाही, कारण परतीची बस लागलेली होती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. त्याने पुडा मांडीवर ठेवला, एक बिस्किट खाल्लं. दुसरं हातातच राहिलं. डोळा लागला तो असा लागला, की आपला थांबा येऊन गेला तरी कळलं नाही. कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर खांद्याला हात लावून उठवलं, तेव्हा बस रिकामी होती आणि बाहेर ओळखीचं काही दिसत नव्हतं. घरी फोन लावला, तर मागे मशीन चालू होतं. कुठे आहात, बायकोने विचारलं. पुढे आलोय, तो म्हणाला, झोप लागली. ती म्हणाली, तिथेच बसा जरा, घाई नाहीये. मग तो स्टँडच्या बाकावर जाऊन बसला.